एकच शब्द, दोन दाब : मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या एका आजाराचा इतिहास

मराठीत ‘दाब’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. मांडीवर जड पेटी ठेवली तर दाब येतो, आणि दंडाला पट्टा बांधून डॉक्टर मोजतात तोही दाबच. पहिला बाहेरून चेपतो, दुसरा नळीच्या आत असतो. बोलताना आपलं काही अडत नाही, संदर्भावरून कळतं. आज ज्या आजाराबद्दल सांगणार आहे, त्यात नेमकी याच दोन दाबांची गल्लत झाली होती. गंमत म्हणजे इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन डॉक्टरांकडे दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द होते. तरी दुसरा दाब ओळखायला त्यांना जवळपास नव्वद वर्षं लागली. मधल्या काळात कुशल हातांनी आणि चांगल्या हेतूने कित्येक रुग्णांच्या पाठीतल्या नको त्या शिरा काढून टाकल्या गेल्या.

आधी थोडी शरीररचना, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मज्जारज्जू हा साधारण करंगळीएवढ्या जाडीचा दोर. मेंदूच्या तळापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत मणक्यांच्या हाडी बोगद्यातून जातो. त्याच्याभोवती आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं चिवट आवरण म्हणजे ड्युरा. धमन्या रक्त आणतात, पुढे त्यांच्या बारीक केशवाहिन्या होतात, तिथे रक्ताचा जोर उतरतो आणि मग ते शिरांमधून परत जातं. मधली केशवाहिन्यांची पायरी गाळून धमनी थेट शिरेला जोडली गेली, की ती सदोष रचना. मणक्यात तिचे अनेक प्रकार आहेत, पण आपल्याला दोन पुरेत. एक, खुद्द मज्जारज्जूच्या आत किंवा अगदी पृष्ठभागावर असलेला वाहिन्यांचा गुंता. हा बहुधा जन्मजात असतो आणि तरुणपणी त्रास देतो. दुसरा, मज्जातंतूचं मूळ जिथून बाहेर पडतं तिथे ड्युरातच असलेला एक चिमुकला जोड. हा बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत सापडतो आणि नंतर कधीतरी तयार झालेला असतो.

दुसरा प्रकार लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याच्यावरून आहे.

गोष्ट सुरू होते ती मात्र एका खऱ्याखुऱ्या यशापासून. जून १८८७ मध्ये लंडनला क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी कॅप्टन गिल्बी नावाच्या रुग्णाच्या मणक्याची मागची कमान काढली आणि मज्जारज्जूला चेपणारी गाठ बाहेर काढली. निदान विल्यम गॉवर्स यांचं. गाठ कुठे असेल हे त्यांनी लक्षणांवरून ताडलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. पाय लुळे पडलेला तो माणूस नंतर चालू लागला. मज्जारज्जूतली गाठ यशस्वीपणे काढल्याचं हे पहिलं प्रसिद्ध उदाहरण मानलं जातं.

एवढ्या मोठ्या यशाने केवळ एक रुग्ण बरा होत नाही, विचार करायची एक सवयही लागते. पाय लुळे पडले, म्हणजे काहीतरी चेपतंय. चेपणारं काढा, माणूस चालेल. मणक्याच्या शस्त्रक्रियेची सगळी उभारणी या सूत्रावर झाली आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरलं. आपल्याकडे मणक्याचा टीबी होऊन पाय गेलेले रुग्ण पाहिलेल्या कुणालाही हे सूत्र आपोआप सुचतं.

मग पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, गाउप या जर्मन डॉक्टरांनी कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या, नागमोडी शिरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. लेखाच्या शीर्षकात त्यांनी या शिरांना काय नाव द्यावं? मज्जारज्जूच्या आवरणाची मूळव्याध! हसू येतं, पण नाव बघा काय करतं ते. मूळव्याध म्हणजे शिरांचा आजार. शिरा फुगल्या, शिरा दुखावल्या, शिराच काढायच्या. रक्त कुठून येतंय, हा प्रश्न या नावातच गळून पडला. पुढे काहींनी याच शिरांना गाठींच्या कुळात घातलं. तिथेही तेच, कारण गाठ चेपते. दोन्ही नावांनी बोट त्या ठळक, गुंडाळ्या झालेल्या शिरांकडेच दाखवलं.

१९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी अशा एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. छातीच्या खालच्या भागात एक फुगलेली वाहिनी मज्जातंतूच्या मुळासोबत ड्युरा भेदून जात होती. तिचा सुमारे २ सेंटीमीटरचा तुकडा त्यांनी काढला आणि रुग्ण पूर्ण बरा झाला. आज आपण ही नोंद वाचतो तेव्हा चमकायला होतं. कारण आजच्या ज्ञानाप्रमाणे कापायची जागा तीच! अख्खी शिरांची जाळी नाही, फक्त ड्युराजवळचा तो तुकडा. एल्सबर्ग यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात हे प्रसिद्धही केलं. तरीही पुढची साठ वर्षं कुणी त्यातून हा धडा घेतला नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे. यश मिळालं, पण ते का मिळालं हे सांगणारी कल्पना त्या वेळी अस्तित्वात नव्हती. शिरेचा तुकडा काढला, रुग्ण बरा झाला, म्हणजे शीर काढणं बरोबर, असाच अर्थ लागणार. मग जास्त शीर काढली तर जास्त बरं, नाही का? सिनॉप्सिस लिहिताना ‘आधीच्या अभ्यासांत हे सिद्ध झालं आहे’ असं वाक्य आपण सहज टाकतो. त्या अभ्यासात परिणाम सिद्ध झालाय की कारण, हे एल्सबर्गची नोंद डोळ्यासमोर ठेवून एकदा विचारा.

इथे थोडं थांबून पहिल्या दाबाला न्याय द्यायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल की चेपण्याची कल्पनाच खोटी होती. तसं अजिबात नाही. मज्जारज्जूवरचा किंवा आतला गुंता फुटला की रक्त त्या हाडी बोगद्यात पसरतं. बोगदा ताणला जात नाही, त्यामुळे साकळलेलं रक्त मज्जारज्जूलाच दाबतं. १८६९ मध्ये जॅक्सन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मणक्यातल्या अशा रक्तस्रावाचं वर्णन केलं होतं. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये मिशों यांनी मज्जारज्जूभोवतीच्या रक्तस्रावाच्या वेदनेला पाठीत खंजीर खुपसल्याची उपमा दिली, आणि ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. धडधाकट माणसाच्या पाठीत एकदम कळ येते आणि काही तासांत पायांतली ताकद जाते, लघवी अडते. बाहेरून चेपणारं रक्त असेल तर ते लवकर काढणं हाच उपाय, आणि तिथे हॉर्सलींचं सूत्र शंभर टक्के लागू पडतं. तिथे घड्याळ बघून काम करावं लागतं.

पण दुसरे रुग्ण वेगळे होते. त्यांच्यात खंजीर नव्हता. चालता चालता पाय जड व्हायचे, बसलं की जरा बरं वाटायचं. महिन्यामहिन्याने पायऱ्या उतरल्यासारखी अवस्था खालावायची. मधेच एखाद्या दिवशी एकदम मोठी घसरण. रक्तस्राव कुठेच नाही. या रुग्णांची पाठ उघडली की मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला जाडजूड, लालसर शिरांच्या वेटोळ्या दिसायच्या. डोळ्यांसमोर एवढं दिसतंय म्हटल्यावर तेच चेपतंय असं वाटणारच. क्वचित एखादी शीर फुगून खरंच चेपतेही, म्हणून शंका घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

अशाच दोन तरुण रुग्णांचं वर्णन १९२६ मध्ये पॅरिसच्या शार्ल फ्वा आणि थेओफील आलाज्वानीन यांनी केलं. पाय हळूहळू गेले, दोघेही दगावले, आणि शवविच्छेदनात मज्जारज्जूच्या खालच्या भागातली ऊती मेलेली दिसली. वाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या. त्यांनी याला मज्जारज्जूचा दाह मानलं आणि तसंच नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्वा वारले. आलाज्वानीन मोठे न्यूरॉलॉजिस्ट झाले. संगीतकार राव्हेल यांच्या आजारावर त्यांनी लिहिलेलं तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. या दोघांच्या नावाच्या सिंड्रोमकडे शेवटी परत यायचंय.

आता तंत्राबद्दल. १९२१ मध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल मणक्याच्या पोकळीत घालून क्ष-किरण चित्र घ्यायची पद्धत आणली. त्यात फुगलेल्या शिरा गांडुळांसारख्या दिसायच्या. निदान सोपं झालं, पण दिसत होत्या पुन्हा शिराच! नवं यंत्र आलं की जुनी चूक आपोआप सुटते असं आपल्याला वाटतं. इथे यंत्राने ती आणखी ठसठशीत करून दाखवली. १९४३ मध्ये वायबर्न-मेसन यांनी या सगळ्या विकृतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात निव्वळ शिरांच्या विकृतीचा एक स्वतंत्र वर्गच केला. आज मागे वळून पाहता त्या वर्गातले बरेच रुग्ण ड्युरातल्या त्या चिमुकल्या जोडाचे असावेत, असं मानलं जातं. जोड दिसला नाही, म्हणून शिरांचा वर्ग झाला.

खरा बदल १९६० च्या दशकात आला. पॅरिसमध्ये जिंदजियाँ आणि अमेरिकेत बेथेस्डाला डी किरो व डॉपमन यांनी मणक्याला रक्त पुरवणाऱ्या एकेका धमनीत नळी घालून रंगद्रव्य सोडायला सुरुवात केली. काम किचकट. मणक्याला दोन्ही बाजूंनी डझनावारी धमन्या येतात, एकेक तपासायची. पण आता पहिल्यांदाच रक्त कुठून निघतं आणि कुठे जातं हे क्रमाने बघता येऊ लागलं. याच काळात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शकही आला. त्याचा परिणाम उलटाच झाला. आता मज्जारज्जूवरून त्या वेटोळ्या इंचाइंचाने, अतिशय नाजूकपणे सोलून काढता यायच्या! काही रुग्ण सुधारले, काही तसेच राहिले, काहींचे उरलेसुरले पायही गेले.

आता १९७४. पुन्हा लंडन, पुन्हा क्वीन स्क्वेअर. मायकेल अमिनॉफ आणि व्हॅलेंटाइन लोग यांनी ६० रुग्णांचा अभ्यास दोन लेखांत ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वेदनेखेरीजची लक्षणं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत १९ टक्के आणि तीन वर्षांत निम्मे रुग्ण गंभीररीत्या अपंग झाले होते. आजार सौम्य नाही, हे आकड्यांत मांडलं गेलं. पण त्याहून मोलाचा त्यांचा तिसरा लेख, पॅथॉलॉजिस्ट बर्नार्ड यांच्यासोबतचा. त्यात त्यांनी विचारलं की हा आजार मज्जारज्जूला इजा करतो तरी कसा?

चेपण्याच्या कल्पनेत न बसणाऱ्या गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. शिरा मऊ असतात. त्या चेपतील तर तिथेच चेपतील जिथे त्या जाड आहेत. पण दोष वर छातीच्या पातळीवर असला तरी लक्षणं मात्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाची. चाललं किंवा व्यायाम केला की त्रास वाढतो. गाठ काही चालल्यावर मोठी होत नाही! शिवाय मज्जारज्जूच्या आतली ऊती रक्ताअभावी मेल्यासारखी दिसते. दुसरी एक कल्पना होती ‘चोरी’ची, म्हणजे सदोष रचना मज्जारज्जूच्या वाट्याचं रक्त पळवते अशी. तीही नीट बसेना, कारण ज्या धमनीतून जोडाला रक्त येतं ती बहुतेक वेळा मज्जारज्जूला रक्त पुरवतच नसते.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दाबाचं होतं. एक इमारत डोळ्यासमोर आणा. गच्चीवरच्या टाकीचा नळ कुणीतरी चुकून सांडपाण्याच्या पाइपला जोडलाय. सांडपाण्याचा पाइप कमी जोराच्या पाण्यासाठी असतो. आता त्यात टाकीचं पाणी जोराने येतंय, पाइप फुगतो, आणि तळमजल्याच्या मोरीतलं पाणी निघेना, उलट तुंबायला लागतं. मज्जारज्जूच्या शिरांचं हेच होतं. त्यांत झडपा नसतात. धमनीचा जोर त्यांत शिरला की तो खालपर्यंत पसरतो आणि तळाचा भाग आधी तुंबतो. ऊतीतून रक्त वाहतं ते धमनी आणि शीर यांच्या दाबांतल्या फरकामुळे. समजा धमनीत ९० आणि शिरेत १० असेल, तर फरक ८०. शिरेतला दाब ६५ झाला, तर उरतो फक्त २५. धमनी शाबूत, कुठेही गुठळी नाही, बाहेरून काही चेपत नाही, तरी मज्जारज्जू उपाशी. आणि चालताना धमनीतला दाब वाढतो, तो जोडातून थेट शिरेत उतरतो. म्हणून चालल्यावर पाय जातात.

या दृष्टीने सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे पुन्हा बघा. फुगलेला सांडपाण्याचा पाइप तोडून टाकला, पण इमारतीचं सांडपाणी जायचा तोच तर रस्ता होता!

मग जोड नेमका कुठे? १९७७ मध्ये ब्रायन केंडल आणि लोग यांनी रंगद्रव्याच्या चित्रांतून आणि शस्त्रक्रियेतून दाखवलं की यातल्या बऱ्याच रुग्णांत दोष मज्जारज्जूवर नाहीच. तो मज्जातंतूच्या मुळापाशी ड्युरात आहे, आणि तिथून एकच शीर आत जाऊन त्या वेटोळ्यांना भरते. वेटोळ्या हा परिणाम होता. जोड बंद करा, शिरा आपोआप निवतील. एल्सबर्गच्या त्या तुकड्याला ६३ वर्षांनी कारण मिळालं. १९८३ मध्ये ओल्डफिल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णांत केवळ हा जोड तोडून, शिरांना हात न लावता, चांगले परिणाम दाखवले. १९८७ मध्ये त्याच गटाच्या रोझेनब्लम यांनी ८१ रुग्णांची तुलना केली. २७ रुग्ण ड्युरातल्या जोडाचे, ५४ आतल्या गुंत्याचे. आतल्या गटात सुमारे निम्म्या रुग्णांत रक्तस्राव झालेला, ड्युराच्या गटात एकातही नाही. इतकी वर्षं एका नावाखाली मोजलेले हे दोन वेगळे आजार होते. सरासरी काढताना ते एकत्र मिसळले की दोघांचंही चित्र धूसर होतं. वर्गीकरणाचा प्रश्न केवळ कारकुनी नसतो तो असा.

दाब खरंच तेवढा असतो का, हेही मोजून झालं. १९८९ मध्ये हासलर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना त्या शिरेत सुई घालून दाब मोजला. तो सरासरीने शरीरातल्या धमनीदाबाच्या ७४ टक्के निघाला. अमिनॉफ आणि लोग यांनी पंधरा वर्षांपूर्वी तर्काने जे मांडलं होतं, त्याला आकडा मिळाला.

एवढं सगळं कळल्यावर आज हा आजार सहज ओळखला जात असेल, असं वाटेल. तसं होत नाही. वर्षाला दहा लाखांत पाच ते दहा एवढे थोडे रुग्ण, आणि तक्रार ‘पाय जड होतात’. बहुतेकांची आधी कमरेच्या चकतीसाठी तपासणी होते, मग प्रोस्टेटसाठी. एमआरआयमध्ये मज्जारज्जू सुजलेला दिसला तर कधी दाह समजून स्टिरॉइड दिलं जातं, आणि या आजारात स्टिरॉइडनंतर काही तासांत किंवा दिवसांत पाय आणखी गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे १९२६ मध्ये पॅरिसला दिलेलं दाहाचं ते नाव अजूनही कुठल्यातरी वॉर्डात काम करतंच आहे.

फ्वा-आलाज्वानीन सिंड्रोमचं पुढे काय झालं तेही सांगते. नंतरच्या पुस्तकांत त्याची व्याख्या अशी रुळली : मज्जारज्जूच्या शिरांत गुठळी होऊन झालेली, न सुधारणारी इजा. गुठळी झाली म्हणजे खेळ संपला. त्यामुळे एखाद्या रुग्णावर हे नाव चिकटलं की जोड शोधून बंद करण्याचा उत्साहही मावळायचा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही न्यूरोसर्जन आणि शरीररचनातज्ज्ञांनी १९२६ चा मूळ फ्रेंच लेख इंग्रजीत आणून ओळ न् ओळ तपासला. फ्वा आणि आलाज्वानीन यांनी गुठळी असल्याचं म्हटलंच नव्हतं. उलट वाहिन्यांत गुठळी नाही, हे त्यांनी मुद्दाम नोंदवलं होतं. दाह हे त्यांचं अनुमान चुकलं, पण निरीक्षण अचूक होतं. गुठळी नंतरच्यांनी घातली, आणि एकाच्या पुस्तकातून दुसऱ्याच्या पुस्तकात ती उतरत गेली. ज्यांना हे नाव लावून हताश म्हटलं गेलं, त्यांतल्या काहींचा जोड बंद केला तर सुधारणा होऊ शकते, असं २००९ च्या लेखकांचं म्हणणं आहे.

ज्यांना हा धागा पुढे न्यायचाय त्यांनी १९७४ च्या ‘ब्रेन’मधल्या दोन लेखांपासून सुरुवात करावी. दुसरा, रुग्णांचं पुढे काय झालं हे सांगणारा, अवघ्या आठ पानांचा आहे. ग्रंथालयात जुने बांधीव खंड असतील तर दोन्ही एकाच खंडात, एकापाठोपाठ सापडतील.